आधी माप, मग माणूस : मुंबईच्या कलाशिक्षणातील मानवाकृती रेखाटनाचा इतिहास

समोर उभा असलेला, बसलेला किंवा हालचाल करणारा माणूस पाहून त्याचे शरीर रेषेत उतरवण्याच्या अभ्यासाला मानवाकृती रेखाटन म्हणतात. चित्रकलेच्या शिक्षणात हा टप्पा सर्वांत अवघड समजला जातो आणि त्या अवघडपणाचे कारण साधारणपणे विद्यार्थ्याच्या हातात शोधले जाते : हात बसलेला नाही, रेषा थरथरते, प्रमाण चुकते. मुंबई इलाख्यातील आणि पुढे महाराष्ट्रातील कलाशिक्षणाचा इतिहास पाहिला, तर या अडचणीचा मोठा भाग शिकवण्याच्या क्रमातून आलेला दिसतो. माणूस काढायला तीन गोष्टी लागतात : शरीराच्या भागांचे एकमेकांशी असलेले माप, समोरचा माणूस या क्षणी प्रत्यक्षात कसा दिसतो हे टिपणारी नजर, आणि पाहिलेले नंतर कागदावर आणता येईल असे स्मरण. निरनिराळ्या काळांतील पद्धतींनी यांपैकी एकेका गोष्टीला अग्रस्थान दिले आणि बाकीच्या दोन विद्यार्थ्याने आपल्या बळावर मिळवाव्यात अशी अपेक्षा ठेवली. नवशिक्या जिथे अडतो, ती जागा बहुधा त्याच्या काळाच्या पद्धतीने मोकळी सोडलेली असते.

हा इतिहास मुंबईच्या मध्यातून न पाहता तिच्या उत्तर कडेवरून, मुर्धा गावाच्या बाजूने पाहिला, तर त्याची घडण अधिक स्पष्ट होते. भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर राई, मुर्धा आणि मोर्वा ही गावे एकामागून एक लागतात. साष्टी बेटाच्या वायव्य कोपऱ्यातील हा पट्टा प्रामुख्याने आगरी वस्तीचा असून भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासळी यांवर तो पिढ्यान् पिढ्या जगत आला. आज तो २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या मीरा-भाईंदर शहरात मोडतो. कलाशाळा, प्रदर्शने आणि चित्रकारांच्या संस्था दक्षिण मुंबईत वाढल्या, तर अशा गावांपर्यंत चित्रकलेचे शिक्षण पोहोचले ते शाळेतील ड्रॉइंगच्या तासातून, शासकीय रेखाकला परीक्षांतून आणि रेल्वेच्या वाटेने. त्यामुळे कलाशाळेने दीर्घकाळ बराच मागे ठेवलेला विषय, म्हणजे माणूस, गावातील मुलासमोर पहिल्याच परीक्षेत आणि तोही न पाहता काढण्यासाठी येतो. ही उलटापालट कशी झाली, हे पाहण्यासाठी मागे जावे लागते.

तालमानाची परंपरा आणि पेशवाईतील एक प्रयोग

साष्टी बेटावर मानवाकृतीची परंपरा कान्हेरीइतकी जुनी आहे. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या, म्हणजे मोठ्या चैत्यगृहाच्या, दर्शनी भिंतीवर कोरलेली भव्य दांपत्ये सुमारे १८०० वर्षांपूर्वीची आहेत, आणि खांद्यांची रुंदी, कमरेचा वळसा व एका पायावर टाकलेला भार यांची जाण त्या काळच्या कारागिरांना किती पक्की होती, याचा तो पुरावा आहे. या जाणिवेचे लिखित रूप नंतरच्या काळात विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्र या भागात सापडते. त्यात शरीराचे माप ताल आणि अंगुल या एककांत दिले आहे. चेहऱ्याची लांबी १२ अंगुले, म्हणजे एक ताल, धरली जाते आणि आकृतीची उंची तिच्या पटीत सांगितली जाते. पुरुषांचे हंस, भद्र, मालव्य, रुचक आणि शशक असे पाच प्रकार सांगून त्यांची उंची अनुक्रमे १०८, १०६, १०४, १०० आणि ९० अंगुले ठरवली आहे, म्हणजे हंस प्रकारातील पुरुष बरोबर नऊ चेहऱ्यांइतका उंच होतो.

चित्रसूत्र मापावर थांबत नाही. समोरून, तिरप्या बाजूने, पाठीकडून आणि अंग वळवलेल्या अवस्थेत शरीर कसे दिसते यासाठी त्यात नऊ स्थाने, म्हणजे उभे राहण्याच्या व दिसण्याच्या नऊ अवस्था, दिल्या आहेत, आणि वळलेल्या शरीराचा एखादा भाग आखूड तर दुसरा मोठा दिसतो या अनुभवाला क्षयवृद्धी ही संज्ञा योजली आहे. पाहणाऱ्याकडे रोखलेला हात प्रत्यक्षात लांब असूनही कागदावर बोटभर उरतो, ही आजच्या नवशिक्याला सर्वाधिक सतावणारी अडचण त्या काळीही ओळखली गेली होती. चित्रसूत्रातील मार्कंडेय आणि वज्र यांच्या संवादात नृत्याचे ज्ञान नसेल तर चित्राचे मर्म कळणे अवघड आहे, असे जे म्हटले आहे त्याचा अर्थही हाच की, हालते शरीर पाहण्याची सवय नसेल तर मापे पाठ असूनही आकृती ताठर राहते. कारागिराच्या घराण्यात लहानपणापासून हे सर्व एकत्र शिकले जाई, त्यामुळे माप, नजर आणि स्मरण यांचे स्वतंत्र विषय झाले नव्हते.

या परंपरेची आणि युरोपीय रेखाटनाची मराठी मुलखातील पहिली महत्त्वाची गाठ पेशवाईच्या उत्तरार्धात पडली. पुण्यातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९०च्या दशकात पुण्यात आला, आणि सवाई माधवरावांच्या संमतीने शनिवारवाड्यात स्थानिक कारागिरांना चित्रकला शिकवण्याची व्यवस्था झाली. या शिक्षणातून पुढे आलेले सर्वांत ठळक नाव गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट यांचे होय. वेरूळच्या लेण्यांची आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याची त्यांनी केलेली रेखाटने आज उपलब्ध असून, परंपरेत वाढलेला हात प्रत्यक्ष पाहून काढण्याकडे कसा वळत होता ते त्यांवरून कळते. वेल्सने साष्टीतील कान्हेरीच्या लेण्यांचेही काम हाती घेतले होते आणि त्याच मोहिमेच्या काळात १७९५ मध्ये तापाने त्याचा मृत्यू झाला. मॅलेटही थोड्याच वर्षांत परतला आणि पुण्यातील हा प्रयोग संस्थेचे रूप घेण्याआधीच संपला.

दक्षिण केन्सिंग्टनची शिडी

संस्थात्मक शिक्षणाची सुरुवात सहा दशकांनी झाली. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि २ मार्च १८५७ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या जागेत चित्रकलेचे वर्ग सुरू झाले; तीच पुढे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट म्हणून ओळखली गेली आणि १८७८ मध्ये आजच्या इमारतीत गेली. शाळेचा मूळ हेतू देशी कारागिराचा हात सुधारावा, नक्षीकाम आणि उद्योग यांना चांगले आरेखक मिळावेत असा होता, चित्रकार घडवणे हा नव्हता. त्यामुळे तिचा अभ्यासक्रम लंडनमधील दक्षिण केन्सिंग्टन येथील शासकीय कलाशिक्षण विभागाच्या नमुन्यावर बेतला गेला.

रिचर्ड रेडग्रेव्हने आखलेल्या या अभ्यासक्रमात २३ पायऱ्या होत्या. पहिल्या पायऱ्यांवर भूमिती आणि छापील नक्षीच्या बाह्यरेषा, मग छायाप्रकाश, मग प्लास्टरमधील पानाफुलांचे नमुने, असे चढत चढत विद्यार्थी मानवाकृतीपर्यंत येई. तीही आधी छापील चित्रावरून, मग प्राचीन ग्रीक-रोमन शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून काढायची असे. प्रतिकृतीवरून केलेल्या या अभ्यासाला कलाशाळेच्या बोलीत अँटिक म्हणत. प्लास्टरचा पुतळा हलत नाही, दमत नाही आणि त्याच्यावरचा प्रकाश स्थिर ठेवता येतो, त्यामुळे मापाचा सराव करण्यासाठी तो आदर्श मानला गेला. विद्यार्थी हात ताठ धरून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत डोक्याची लांबी मोजी आणि ती हनुवटीपासून खाली किती वेळा बसते ते पाही. छातीचा मध्य, बेंबी, मांड्यांचा संधी आणि गुडघे यांच्या जागा आडव्या रेषांनी ठरवी. आणि मानेच्या खळगीतून ओळंबा सोडल्यास तो भार घेतलेल्या पायाच्या घोट्याजवळ येतो की नाही, हे तपासून आकृतीचा तोल बघे.

या पद्धतीचे फायदे खरे होते. शिक्षणाशिवाय माणूस काढणारा जवळजवळ प्रत्येक जण चेहऱ्यापासून सुरुवात करतो, डोळे आणि नाक यांतच रंगतो, डोके प्रमाणाबाहेर मोठे करतो, आणि कागद संपत आला की पाय आखूड करून मोकळा होतो. मोजण्याच्या शिस्तीने हा दोष दूर होई. तिची किंमतही मोठी होती. एकाच पुतळ्यावर बारीक ठिपके आणि घासलेल्या छटा यांचे काम आठवडेच्या आठवडे चाले, वेळेचे बंधन नसल्याने विद्यार्थ्याचे लक्ष आकृतीच्या घडणीवरून पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणाकडे वळे, आणि पुतळ्यावर तरबेज झालेला विद्यार्थी जिवंत माणसासमोर बसला की गोंधळून जाई. इंग्लंडमध्येही ही त्रुटी जाणवली होती. १८७१ मध्ये लंडनच्या स्लेड स्कूलची सूत्रे हाती घेताना एडवर्ड पॉइंटर याने फ्रान्सप्रमाणे विद्यार्थ्याला लवकरात लवकर जिवंत मॉडेलसमोर बसवण्याचा आग्रह धरला. मुंबईपर्यंत हा बदल पोहोचायला मात्र जवळपास अर्धे शतक लागले.

तरीही शाळेच्या भिंतीआडच प्रत्यक्ष पाहण्याची एक समांतर धारा वाहत होती. १८६५ मध्ये शिक्षक म्हणून आलेल्या लॉकवुड किपलिंगने १८७० च्या सुमारास विणकर, सुतार आणि नक्षीकाम करणारे कारागीर यांची काम करतानाची रेखाटने केली, आणि शाळेजवळच्या क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावर त्याच्या उठावशिल्पांतून देशी कष्टकरी माणसे आली. किपलिंगबरोबरच १८६५ मध्ये आलेल्या जॉन ग्रिफिथ्सने १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करून घेतल्या; पेस्तनजी बोमनजी यांच्यासारख्या विद्यार्थ्यांचा या कामात वाटा होता. ग्रीक पुतळ्याचे माप शिकलेला विद्यार्थी अजिंठ्यात गेला, तेव्हा त्याला हाडे आणि स्नायू न दाखवताही भार, वळण आणि हावभाव सांगणारी रेषा प्रथमच जवळून पाहायला मिळाली. अभ्यासक्रमाच्या पायऱ्यांत बसत नसलेला हा अनुभव पुढच्या पिढीच्या मानवाकृतीत टिकून राहिला.

धुरंधरांची नजर

शिडीच्या पद्धतीतून येऊनही तिच्या मर्यादा ओलांडणाऱ्यांत महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १८६७ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर १८९० मध्ये जे. जे.मध्ये दाखल झाले, १८९६ मध्ये तेथेच शिक्षक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त होईपर्यंत याच संस्थेशी जोडलेले राहिले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मकथन मराठीतील कलाशिक्षणाच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांनी १८९५ मध्ये मिळवले. त्याच सुमारास गणपतराव म्हात्रे या विद्यार्थ्याने ‘मंदिरपथगामिनी’ हे स्त्रीचे पूर्णाकृती शिल्प घडवून देशभर नाव मिळवले, आणि अँटिकच्या अभ्यासावर पोसलेली पिढी नऊवारी नेसलेली मराठी स्त्री घडवू शकते, हे सिद्ध झाले.

धुरंधरांचे वैशिष्ट्य त्यांच्या गर्दीत होते. एस. एम. एडवर्ड्स यांच्या मुंबईविषयीच्या १९१२ मधील पुस्तकासाठी आणि ऑटो रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील १९२० मधील ग्रंथासाठी त्यांनी केलेली चित्रे पाहिली, तर पदर सावरण्याची, डोक्यावर टोपली पेलण्याची, उकिडवे बसण्याची आणि टांग्याला टेकून उभे राहण्याची शेकडो रूपे त्यांच्या संग्रही होती, असे जाणवते. उकिडवे बसणे ही अवस्था ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या साच्यात बसणारी नव्हती. त्या स्थितीत गुडघे छातीला भिडतात, पाठीचा कणा कमानीसारखा वाकतो, सगळा भार टाचांवर येतो आणि मोजण्यासाठी आधार घ्यावा असा एकही सांधा सरळ रेषेत राहत नाही. हे वर्गात मिळणारे ज्ञान नव्हते. ते रस्त्यावर, देवळाच्या पायरीवर आणि बाजारात छोट्या वहीत झरझर टिपून मिळवावे लागे. धुरंधर पुढे चित्रकलेच्या शिक्षणाचे निरीक्षकही झाले, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना शाळेच्या मापाइतकीच त्यांच्या वहीची शिकवण मिळाली.

लाइफ क्लास : १९१९ आणि नंतर

जिवंत, विवस्त्र मॉडेलवरून मानवाकृतीचा पद्धतशीर अभ्यास, ज्याला कलाशाळेत लाइफ क्लास किंवा नुसते लाइफ म्हणतात, तो जे. जे.मध्ये १९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन याने सुरू केला. त्याआधीचे प्राचार्य सेसिल बर्न्स यांच्या काळात कारागिरीवर भर असल्याने असा वर्ग नव्हता. शिवाय हिंदी विद्यार्थ्याला युरोपीय पद्धतीचे वास्तवदर्शी शिक्षण द्यावे की नाही, हा वाद कलकत्त्याच्या कलाशाळेचे प्राचार्य राहिलेले हॅवेल आणि बंगालच्या पुनरुज्जीवनवादी कलावंतांमुळे देशभर पेटला होता. सॉलोमनने दोन्ही बाजू साधण्याचा प्रयत्न केला : एकीकडे लाइफ क्लास, दुसरीकडे अजिंठ्याचा वारसा सांगणारा भित्तिचित्रांचा वर्ग. मानवाकृती पक्की असल्याशिवाय भिंतीवरची मोठी रचना उभी राहत नाही, हे त्याचे म्हणणे होते, आणि नवी दिल्लीच्या सचिवालयात जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी केलेली भित्तिचित्रे ही त्या भूमिकेची कसोटी ठरली.

लाइफ क्लासने नवशिक्याच्या अडचणींचे स्वरूप बदलले. पुतळ्यावर घासत बसायला जो वेळ होता तो आता उरला नाही. मॉडेल ठरावीक वेळ बसे, मध्ये विश्रांती घेई आणि परत बसल्यावर खांदा किंवा मान किंचित वेगळ्या कोनात येई. त्यामुळे बारकावे भरण्याआधी संपूर्ण आकृतीची जागा आणि वजन ठरवून घेणे भाग पडले. शरीरशास्त्राचा अभ्यास, ज्यात हाडांचा सांगाडा आणि त्वचेखालचे स्नायू काढायला शिकवतात, याच टप्प्यावर विद्यार्थ्याला उपयोगी वाटू लागतो आणि याच टप्प्यावर तो त्याला अडचणीतही आणतो. नव्याने कळलेला प्रत्येक स्नायू दाखवण्याच्या हौसेने आकृती काही काळ सोललेल्या देहासारखी होते, आधीची सहजता हरवते, आणि आपण मागे जात आहोत असे विद्यार्थ्याला वाटू लागते. शिक्षकांच्या दृष्टीने ही घसरण प्रगतीचीच खूण असते, कारण चुका दिसण्याची शक्ती हाताच्या आधी वाढलेली असते. कोणता स्नायू या विशिष्ट हालचालीत काम करतो आहे आणि कोणता नुसता तेथे आहे, हा विवेक आला की रेषा पुन्हा मोकळी होते. गोव्यात जन्मलेले आणि जे. जे.मध्ये शिकवणारे आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांच्या मानवाकृतींत हा विवेक विशेष दिसतो. त्यांत शरीर भरघोस आणि खरे वाटते, परंतु शरीरशास्त्राचे प्रदर्शन कोठेही नसते.

या वर्गाला सामाजिक बाजूही होती. लंडनच्या रॉयल अकॅडमीत स्त्री-विद्यार्थिनींना लाइफ क्लासची दारे १८९३ मध्ये, तीही अंशतः वस्त्रांकित मॉडेलसाठी, उघडली होती. मुंबईत १९३०च्या सुमारास अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदाद यांच्यासारख्या विद्यार्थिनी कलाशिक्षण पूर्ण करून बाहेर पडत होत्या. मॉडेल म्हणून बसणारी माणसे मात्र बहुधा कष्टकरी वर्गातून आली आणि त्यांचे श्रम अनामिक राहिले. विवस्त्र देहाच्या चित्रणाविषयी समाजातील अस्वस्थता पुढेही अधूनमधून उसळत राहिली : १९५४ मध्ये जहांगीर कलादालनातील ‘लव्हर्स’ या चित्रांवरून अकबर पदमसी यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि त्यात ते निर्दोष ठरले, तर जे. जे.मध्ये मॉडेलचे काम करणाऱ्या स्त्रीची कथा सांगणारा रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट २०१७ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवातून वगळला गेला आणि पुढल्या वर्षी प्रदर्शित झाला. मानवाकृतीचे शिक्षण एका माणसाने तासन् तास निश्चल बसण्यावर उभे असते, ही गोष्ट त्या चित्रपटाने कलाशाळेबाहेरच्या प्रेक्षकांसमोर आणली.

शाळेबाहेरचे वर्ग आणि छापील पान

जे. जे.मध्ये प्रवेश न मिळालेल्या किंवा नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी मुंबईत खासगी वर्ग उभे राहिले. सावंतवाडीहून आलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९०८ मध्ये आपली संस्था काढली. पुढे दंडवतीमठ यांच्या नूतन कला मंदिरासारख्या संस्थांनी अनेक विद्यार्थ्यांना शासकीय परीक्षांसाठी तयार केले. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात असलेले हळदणकरांचे समईचा उजेड हाताने झाकणाऱ्या तरुणीचे जलरंगातील चित्र त्यांच्या मुलीला समोर उभे करून रंगवलेले आहे. खासगी वर्गांची साधने तुटपुंजी असत : पुतळे मोजके, मॉडेल मिळाले तर वस्त्रांकित आणि बहुधा वृद्ध, त्यामुळे चेहऱ्याचा अभ्यास, ज्याला हेड स्टडी म्हणतात, तेथे चांगला होई आणि पूर्णाकृती मात्र कच्ची राही.

मुंबईपासून दूर असलेल्या मुलांचा शिक्षक छापील पान हाच होता. चित्रकार दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये सुरू केलेला ‘दीपावली’ आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे असलेले दिवाळी अंक घरोघर पोहोचले, आणि त्यांतील स्त्री-पुरुषांच्या आकृती समोर ठेवून काढणे हा महाराष्ट्रातील असंख्य हौशी विद्यार्थ्यांचा पहिला अभ्यास ठरला. दलालांची लवचिक बाह्यरेषा अनुकरणाला मोहक होती, परंतु ती रेषा ज्या निरीक्षणातून आटवून काढलेली होती ते निरीक्षण छापील पानावर नसते. त्यामुळे नक्कल करणाऱ्याला दलालांचा निष्कर्ष मिळे, त्यामागची बेरीज-वजाबाकी मिळत नसे, आणि चित्रातील स्त्रीने मान जरा दुसरीकडे वळवली असती तर कशी दिसली असती, या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे नसे.

स्मरणचित्राचा कागद

एकोणिसाव्या शतकात शाळांमधून चित्रकला शिकवण्याची आणि तिच्या श्रेणी-परीक्षा घेण्याची जी व्यवस्था सुरू झाली, तिचे आजचे रूप म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा होत. १९६५ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र शासनाचे कला संचालनालय त्या घेते. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन यांच्या जोडीला स्मरणचित्र हा त्यांतील एक विषय असतो. प्रश्नपत्रिकेत बाजार, सण, पावसाळी दिवस, खेळ असा एखादा प्रसंग दिला जातो, आणि समोर काहीही नसताना विद्यार्थ्याने माणसांसह तो उभा करायचा असतो. वस्तुचित्रासाठी घडा आणि फळे समोर ठेवली जातात. माणूस तेवढा आठवणीतून काढायचा असतो. २३ पायऱ्यांच्या शिडीत बऱ्याच उंचीवर असलेला विषय येथे तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती सर्वांत आधी आणि सर्वांत कमी साधनांनिशी येतो.

ही पद्धत मुळात चुकीची नाही. फ्रान्समध्ये ऑरास लकॉक द बॉइसबोद्रान याने १८४०च्या दशकात चित्रकाराच्या स्मरणाचे शिक्षण देण्याची पद्धत मांडली होती, आणि शिल्पकार रोदँ हा त्याच्या विद्यार्थ्यांपैकी एक होता. त्याच्या पद्धतीत विद्यार्थी आधी एखादी गोष्ट लक्षपूर्वक पाही, मग ती दूर करून आठवणीने काढी, मग पुन्हा मूळ पाहून चूक तपाशी. स्मरण हा निरीक्षणाचा परिपाक होता. रेखाकला परीक्षेच्या तयारीत मधली पायरी बहुतेक वेळा गळून पडते. छत्री धरलेली मुलगी, टोपली घेतलेली बाई, पाठमोरा पुरुष अशा तीन-चार तयार आकृती काडीच्या माणसापासून सुरुवात करून पाठ केल्या जातात आणि विषय कोणताही आला तरी त्याच फिरवून वापरल्या जातात. इंटरमिजिएटच्या श्रेणीला दहावीच्या निकालात सवलतीचे गुण मिळू लागल्यापासून पाठ केलेल्या आकृतीचा सोपा मार्ग अधिकच मोहक झाला आहे.

मुर्ध्यासारख्या गावातील विद्यार्थ्याच्या बाबतीत ही विसंगती ठळकपणे पुढे येते, कारण त्याच्या आसपास पाहण्यासारखे शरीर-व्यापार विपुल असतात. मिठागरात उन्हात साचलेले मीठ लांब दांड्याच्या लाकडी फळीने ओढून बांधावर आणणाऱ्या माणसाकडे पाहिले, तर त्या एका हालचालीत मानवाकृतीचे निम्मे व्याकरण सापडते : मागचा पाय रोवलेला, पुढचा गुडघा दुमडलेला, धड मागे झुकलेले, खांद्यांची रेषा आणि कमरेची रेषा एकमेकींविरुद्ध तिरप्या, आणि दांडा ओढताना सरळ होत जाणारे हात. भरलेली टोपली डोक्यावर घेतली की हेच शरीर एकदम ओळंब्यात येते, मान ताठ होते, डोके स्थिर राहते आणि चालण्याची सगळी हालचाल कमरेखाली उतरते. भातलावणीत वाकलेल्या पाठी आणि होडीत बसून जाळे सोडवणारे हात यांतही असाच अभ्यास दडलेला आहे. धुरंधरांनी ज्या माणसांसाठी रस्त्यावर उभे राहून वही भरली, ती माणसे येथे घराच्या अंगणापासून दिसतात. मात्र ती पाहून काढण्याचा तास शाळेच्या वेळापत्रकात नसतो, आणि परीक्षेत त्यांची जागा पाठ केलेली टोपलीवाली घेते.

गावाला कलाशाळेशी जोडणाऱ्या रेल्वेनेच या उणिवेवर एक उपायही दिला. विरार ते बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी १८६७ मध्ये धावली, आणि पुढच्या काळात उपनगरांतून रोज शहरात येणारा विद्यार्थी मुंबईच्या कलाशिक्षणाचा मोठा भाग बनला. फलाटावर गठड्यावर रेलून झोपलेला माणूस, दांडीला लोंबकळणारा प्रवासी, मांडीवर मूल घेऊन बसलेली बाई यांचे क्षणार्धात करायचे रेखाटन, ज्याला विद्यार्थी रॅपिड स्केचिंग म्हणतात, हा जे. जे.च्या आणि इतर कलाशाळांच्या विद्यार्थ्यांचा ठरलेला सराव झाला. गाडी सुटायच्या आत आकृती संपवायची असल्याने तेथे चेहऱ्यावर रेंगाळता येत नाही. डोके, कणा आणि भार घेतलेला पाय यांना जोडणारी एकच रेषा आधी येते आणि बाकीचे नंतर. अमेरिकेत किमॉन निकोलाइडीझ याच्या १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाने अशाच झटपट रेखाटनाला अभ्यासक्रमाच्या अगदी आरंभी ठेवले. मुंबईत हाच धडा विद्यार्थ्यांनी प्रवासाच्या वेळेत गिरवला.

क्रमाचा प्रश्न

सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि अभ्यासक्रम नव्याने आखण्याचा अधिकार त्याबरोबर आला. पाहण्याचे आणि काढण्याचे शिक्षण कोणत्या क्रमाने द्यावे, हा दीडशे वर्षांचा प्रश्न त्यामुळे पुन्हा उघडला गेला आहे. आतापर्यंतचा इतिहास असे सांगतो की, मापाने सुरुवात करणाऱ्या पद्धतीने अचूक पण निर्जीव आकृती दिली, नजरेने सुरुवात करणाऱ्या लाइफ क्लासने जिवंत आकृती दिली पण ती थोड्यांच्याच वाट्याला आली, आणि स्मरणाने सुरुवात करणाऱ्या परीक्षेने चित्रकला गावोगाव नेली पण आकृतीचा साचा केला. ज्यांची मानवाकृती खरोखर सुधारली, त्या धुरंधरांपासून फलाटावरच्या विद्यार्थ्यापर्यंत सर्वांनी या तीन गोष्टी एका फेऱ्यात फिरवल्या : पाहून काढणे, मोजून तपासणे, डोळे मिटून आठवणे आणि चुकलेले पुन्हा पाहायला जाणे.

या फेऱ्यासाठी प्लास्टरचे पुतळे किंवा मोठी कलाशाळा अनिवार्य नाही. रेखाकला परीक्षेच्या तयारीत स्मरणचित्राआधी तेवढाच वेळ प्रत्यक्ष माणसे पाहून काढण्याला दिला, आणि काढलेली आकृती दुसऱ्या दिवशी त्याच माणसासमोर नेऊन तपासण्याची सवय लावली, तर मुर्ध्यातील विद्यार्थ्याची अडचण बरीचशी सुटू शकते. मिठागरे आटत आणि शेते बांधकामाखाली जात असताना पाहण्याजोगी कामे बदलतील, टोपलीऐवजी पाठीवर सामानाची चौकोनी पेटी असलेला दुचाकीस्वार समोर येईल. त्याच्याही कण्याला बाक आहे, त्याचाही भार एका पायावर येतो, आणि त्याचे माप आजवर कोणत्याही छापील पाठात आलेले नसल्याने ते विद्यार्थ्याला स्वतःच घ्यावे लागणार आहे.